सल्ला सदर : खाट उचलायला चौघं लागतात

पत्र : "मी वास्कोजवळ चिखलीला राहते. माहेर श्रीरामपूरकडचं, लग्नानंतर गोव्यात आले. मिस्टर खनिज वाहणाऱ्या बार्जवर होते. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या आणि बार्ज जेटीला लागली ती लागलीच. त्यानंतर मिळेल ते काम केलं त्यांनी. दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बांबोळीला डायलिसिस असतं. घरावर फायनान्सचं कर्ज आहे. मुलगा वेर्ण्याला कंत्राटावर आहे, घरात कोणाशी बोलत नाही. मी शिवणकाम करते. रात्री माळ घेऊन बसते, मणी सरकतात, आत काही हलत नाही. ज्युबिलीच्या पवित्र वर्षात चर्चच्या दारावर 'आशेचे यात्रेकरू' असा फलक होता, तो दिसला की मी नजर वळवायचे. प्रार्थनागटातल्या एक बाई म्हणाल्या, निराश होणं पाप आहे, तुमचा विश्वास कमी पडतोय. तेव्हापासून गटात गेलेच नाही. हल्ली झोपताना वाटतं, सकाळी जाग आलीच नाही तर बरं. मी खरंच पाप करतेय का? प्रार्थना होत नसेल तर काय करायचं? आणि हे मिस्टरांना सांगू की नको? ते आधीच आजारी आहेत."

ताई,

तुमचे तीन प्रश्न आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण 'सकाळी जाग आलीच नाही तर बरं' हे वाक्य ओलांडून मला पुढे जाता येत नाही. ते तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आता तेच एका माणसाला तोंडाने सांगायचं आहे, आणि आजच सांगायचं आहे. जवळ कोणी नसेल तर १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मनात जे येतं ते जसंच्या तसं बोला. पलीकडचं माणूस दचकणार नाही, उपदेशही करणार नाही. घरात मिस्टरांच्या गोळ्या असतील, त्यांचा डबा मुलाच्या ताब्यात द्या आणि रोज लागतील तेवढ्याच बाहेर काढायला सांगा. आणि जाग न येण्याची इच्छा कधी स्वतःला काही करून घेण्याच्या विचाराकडे वळायला लागली, तर रात्र असो की पहाट, एकट्या राहू नका. मुलाला उठवा, ११२ ला फोन करा, नाहीतर सरळ बांबोळीच्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा.

डायलिसिसच्या दिवशी तुम्ही बांबोळीला असताच. सरकारची मानसोपचार संस्था, लोक जिला आयपीएचबी म्हणतात, तीही बांबोळीलाच आहे. मिस्टर आत मशीनवर असताना एकदा तिथल्या ओपीडीत जाऊन केसपेपर काढा. आजाऱ्याची उस्तवार करता करता स्वतःची झोप उडणं, जेवण नकोसं होणं, कशातच जीव न रमणं, हा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरकडे गेलं म्हणजे देवावरचा भरवसा उणा पडला, असं कोणी म्हटलं तर त्यांना आठवण करून द्या की शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला प्रेषित पौलाने 'प्रिय वैद्य' म्हटलं आहे.

आता पापाविषयी.

त्या बाईंनी कदाचित काळजीपोटी सांगितलं असेल, पण चुकीचं सांगितलं. चर्चच्या शिकवणुकीत निराशेला पाप म्हटलं आहे हे खरं, पण ती निराशा वेगळी. १९९२ साली निघालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात ती स्पष्ट केली आहे : देव आपल्याला तारेल, साहाय्य करेल, क्षमा करेल ही आशा माणूस स्वतःहून टाकून देतो, तेव्हा ते पाप. तिथे माणसाने मनाशी घेतलेला निर्णय असतो. मनावर मळभ येणं हा निर्णय नव्हे. देवाला सोडून दिलेली बाई रात्री माळ हातात धरून बसत नाही, आणि 'मी पाप करतेय का' म्हणून पत्रही लिहीत नाही. तुम्ही थकला आहात, आणि तुम्हाला 'तू कशी आहेस' असं बरेच दिवसांत कोणी विचारलेलं नाही. थकलेल्या माणसाच्या माथी पाप मारण्याचा अधिकार प्रार्थनागटाला नाही, मला नाही, कोणालाच नाही.

पवित्र शास्त्र उघडून बघा, तिथे अशी माणसं किती भेटतात. पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आरंभीच सांगतो की आशियात आमच्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती. हा तोच पौल, ज्याची आशेवरची वचनं आपण कॅलेंडरवर छापतो. आणि स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र वाचलंय का तुम्ही? बाकीची विलापस्तोत्रं रडत सुरू होतात, पण वाटेत कुठेतरी देवाची स्तुती येते, शेवट सावरतो. या स्तोत्रात तो सावरत नाही. माणूस रात्रंदिवस हाका मारतो, उत्तर येत नाही, सोबती दुरावतात, आणि शेवटच्या ओळीतही अंधारच राहतो. तरी ते शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. उलट चर्चच्या रोजच्या प्रहरांच्या प्रार्थनेत ते दर शुक्रवारी रात्री, झोपण्याआधी म्हणायला नेमून दिलेलं आहे. म्हणजे येत्या शुक्रवारी तुम्ही चिखलीत टक्क डोळ्यांनी छताकडे बघत पडाल तेव्हा कुठल्या तरी मठात, कुठल्या तरी सेमिनरीत ज्यांचं स्वतःचं सगळं ठीक चाललं आहे अशी माणसं हे स्तोत्र म्हणत असतील. स्वतःला दुःख नसताना ती का म्हणतात? कारण त्या रात्री कोणीतरी अंधारात आहे, आणि त्याच्या वतीने ते शब्द देवापुढे जायला हवेत. ताई, तुमच्या वतीने.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. प्रार्थना होत नसेल तेव्हा ती दुसऱ्यांना करू द्यायची.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली कफर्णहूमची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. पण या वेळी ती खाटेवरच्या माणसाच्या जागेवरून बघा. त्याला पक्षघात झालाय. चौघं त्याला खाटेसकट उचलून आणतात. दारात इतकी गर्दी की मुंगी शिरायला वाव नाही. चौघं परत फिरत नाहीत, छपरावर चढतात. त्या काळची छपरं मातीची आणि काटक्यांची. ते छप्पर उकरतात. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असेल, घरमालक ओरडला असेल. आणि उकरलेल्या जागेतून खाट खाली येशूपुढे सोडतात. या सगळ्यात खाटेवरचा माणूस एक शब्द बोलत नाही. त्याला विश्वास होता की नव्हता, त्याला यायचं तरी होतं की नाही, मार्क काहीच सांगत नाही. मार्क एवढंच लिहितो की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, आणि मग तो त्या आजाऱ्याशी बोलला. आपल्याकडे प्रवचनात या गोष्टीचा भर पाप क्षमा करण्याच्या अधिकारावर असतो, तो असायलाही हवा. पण तुमच्यासारख्या माणसाने चौघांच्या विश्वासापाशी थांबावं असं मला कळकळीने वाटतं. त्या दिवशी उधारीचा विश्वास येशूला चालला.

हे गोव्यात डोळ्यांनी बघायचं असेल तर मे महिन्यातल्या लादाईनीला, म्हणजे खुरसापुढच्या (क्रुसापुढच्या) सामूहिक प्रार्थनेला, जा. मे महिन्यात गावोगाव, वाड्यावाड्यावर खुरसाला चुना काढतात, फुलांचे हार घालतात, पायरीवर मेणबत्त्या लावतात. संध्याकाळी शेजारपाजारची माणसं चपला काढून उभी राहतात. कोणीतरी व्हायोलिन वाजवतं. पुढचा एकजण संतांची आणि सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, नावं लॅटिनमध्ये एकेक करून घेतो, आणि प्रत्येक नावामागे सगळे मिळून म्हणतात, 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर. शेवटी कागदात उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे वाटतात. या घोळक्यात मागे कोणीतरी ओठ न हलवता उभं असतं. ते उत्तर त्या व्यक्तीसाठीही जातं. 'आमच्यासाठी' म्हणताना गाणारे आपल्यातल्या मुक्या माणसालाही धरून म्हणतात. तुम्ही मागे उभ्या राहा, गाऊ नका, चणे घ्या आणि घरी या. ती तुमचीही प्रार्थना झाली.

तुमचा प्रार्थनागट सध्या सुटला त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. जिथे आपली जखम पारखली जाते तिथे काही काळ न गेलेलंच बरं. पण चर्च म्हणजे तो गट नव्हे. तुमचे चौघं कोण, ते शोधूया. पॅरिशचे फादर हे एक. मिस्सानंतर दारात उभ्या-उभ्या 'फादर, आशीर्वाद द्या' एवढं बोलून निघू नका. ऑफिसात वेळ मागा आणि पत्रात जे लिहिलंत ते सांगा. मिस्टरांसाठी तैलाभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कारही घरी येऊन द्यायला सांगा. तो फक्त मरणाच्या दारातल्या माणसाला देतात ही जुनी समजूत अजून आपल्यात आहे. गंभीर आजारात तो केव्हाही घेता येतो, पुन्हाही घेता येतो. दुसरं, पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम चालतं का ते विचारा. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी सोबत्यांनी ती सुरू केली, ती मुळातच घरी जाऊन विचारपूस करण्यासाठी. त्यांच्याकडे औषधाची, रेशनची मदत मागण्यात कमीपणा नाही. तिसरी एखादी शेजारीण, मग ती ख्रिस्ती नसली तरी चालेल, जी डायलिसिसच्या दिवशी तुमच्या घरी भात लावून ठेवेल. चौथी श्रीरामपूरची बहीण किंवा मैत्रीण, जिला रात्री दहा वाजता फोन केला तरी 'एवढ्या उशिरा काय' असं म्हणणार नाही.

त्या चौथीचा मी मुद्दाम आग्रह धरते. तुम्ही मिस्सा कोकणीत ऐकता. समजते, पण माहेरची नाही. मनातलं खोल दुःख वर यायला माहेरची भाषा लागते. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत तुम्ही आईचा पदर धरून जी गाणी ऐकली असतील, ती फोनवर बहिणीला म्हणायला सांगा. आणि मराठीत प्रार्थना केली म्हणजे गोव्यात आपण परके ठरतो असं मनात आणू नका. याच मातीत, राशोलला, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचून छापली. इंग्लंडहून आलेल्या माणसाला ख्रिस्त मराठीत सांगावासा वाटला, तर तुम्ही मराठीत रडायला काय हरकत आहे?

एकट्या असताना काय कराल? थोडंच. माळ पूर्ण करायचा हट्ट सोडा. माळेतली एकच 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणा आणि थांबा. तेही झालं नाही तर मार्कच्याच नवव्या अध्यायातल्या बापाचे शब्द उसने घ्या. त्याचा मुलगा आजारी होता, शिष्यांना बरा करता आला नव्हता. तो येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका श्वासात, आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही. रागावावंसं वाटलं तर देवावर रागवा, मोठ्याने रागवा. वधस्तंभावर येशूने जी आरोळी मारली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', तीही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, छापली गेली. त्यांत जवळजवळ पन्नास वर्षं देवाची जवळीक न जाणवल्याची वेदना आहे. ती सगळी वर्षं त्या पहाटे उठून मिस्साला जात होत्या आणि रस्त्यावरची माणसं उचलत होत्या. आत काही हलत नसताना माळ हातात धरणारी तुम्ही पहिली नाही.

आणि एलीया. पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा, राणीच्या धमकीने घाबरून रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. तुमचं वाक्य आणि त्याचं वाक्य यांत मला काही फरक दिसत नाही. देवाने त्याला 'तुझा विश्वास कुठे गेला' असं विचारलं नाही. त्याला झोप लागू दिली. मग देवदूताने उठवलं, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं, कारण वाट लांबची होती. देवाशी बोलणं झालं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. तिथेही देवाने त्याला एकटा ठेवला नाही, अलीशा नावाचा सोबती नेमून दिला. आधी झोप, भाकर, पाणी, मग चालणं, मग बोलणं, मग सोबत. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ताई, तुम्ही डायलिसिसच्या दिवशी काय खाता? मिस्टरांचं पथ्याचं डब्यात भरताना स्वतःसाठी पोळी-भाजी घेता की कॅन्टीनच्या चहावर दिवस काढता? उद्यापासून दुसरा डबा भरा. ही माझी विनंती समजा.

गोव्यातच यावर एक मोठं काम झालं आहे. पर्वरीची संगत ही संस्था १९९६ पासून आहे. त्यांच्या संशोधकांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्याने ग्रासलेल्या लोकांबरोबर काम केलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका. त्यात मुख्य भर कशावर? मन बरं होण्याची वाट न बघता रोजच्या दिवसात एखादी छोटी, आवडीची किंवा गरजेची गोष्ट पुन्हा सुरू करण्यावर. आधी कृती, मन मागून येतं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि ज्यांना या बैठका मिळाल्या त्यांची प्रकृती इतरांपेक्षा अधिक सुधारली होती. ते वाचलं तेव्हा मला एलीयाच आठवला. तुम्ही शिवता ना? गिऱ्हाइकाचं नव्हे, स्वतःचं काहीतरी शिवायला काढा. संध्याकाळी अर्धा तास.

फलकाचंही बोलायला हवं, कारण तो तुम्हाला का टोचला हे मला समजतं. ज्युबिली २०२४ च्या नाताळाच्या आदल्या रात्री सुरू झाली आणि ६ जानेवारी २०२६ ला संपली. पोप फ्रान्सिस यांनी तिच्या घोषणेसाठी वचन घेतलं ते रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं, 'आशा लाजवत नाही'. पण पौलाचं ते वाक्य आधीपासून वाचायला हवं. संकटाने धीर येतो, धीराने माणूस कसाला उतरतो, आणि त्यातून आशा. पौलाने आशा शेवटी ठेवली आहे. फलकावर जागा कमी, म्हणून आपण शेवटचा शब्द तेवढा लिहितो आणि दुःखातल्या माणसाला वाटतं, इथून सुरुवात करायची आहे आणि माझ्याकडे तेच नाही. तुमच्याकडून कोणी आशेपासून सुरुवात मागत नाही. तुम्ही संकटात आहात, आणि दोन वर्षं आठवड्यातून दोनदा बांबोळीची बस पकडता आहात. पौल ज्याला धीर म्हणतो तो हाच. त्या फलकावरचे यात्रेकरू तुम्हीच होतात.

आता जे बोलते ते मिस्टरांच्या आजारामुळे जपून बोलते. आपली आशा म्हणजे किडन्या बऱ्या होतील असं वचन नव्हे. तसं वचन देणारा कोणी प्रार्थनेला बसवायला आला, आणि विशेषतः डायलिसिस बंद करा म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. चमत्कार देवाच्या हाती आहेत, मशीनची वेळ चुकवणं आपल्या हाती नाही. आपण जी आशा धरतो ती मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्तावर आहे. आणि तो उठला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, कुशीत भाल्याची जखम होती. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. पुनरुत्थानाने त्या पुसल्या नाहीत. म्हणून मला कोणत्याही दुःखी माणसाला 'विसरा आता' म्हणवत नाही. जेटीला लागलेली बार्ज, डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात, ही वर्षं, यांतलं काही वाया गेलं असं देव म्हणणार नाही, आणि मरणही शेवटचं नाही, यावर माझा विश्वास आहे. तुमचा आज बसत नसेल तर माझा घ्या.

सांकवाळ तुमच्यापासून लांब नाही. तिथल्या संत जुझे वाझ यांच्या तीर्थस्थानी एखाद्या साध्या दिवशी जाऊन बसा, गर्दीच्या फेस्ताला नको. त्यांची गोष्ट आपण मोठ्या विजयाची म्हणून सांगतो, कारण १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत त्यांना संत घोषित केलं, आणि ते गोव्याचे पहिले संत. पण १६८७ मध्ये ते श्रीलंकेत मजुराच्या वेशात लपून पोहोचले तेव्हा डच राजवटीत कॅथलिक धर्मावर बंदी होती, आणि पोहोचताच ते हगवणीने मरणाला टेकले. पुढे कँडीत पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. दार उघडायची वाट बघत ते बसले नाहीत. कैदेतच सिंहली भाषा शिकले, आवारात झोपडी उभारून तिचं प्रार्थनाघर केलं. १७११ मध्ये कँडीतच वारले. त्यांना ना गोवा पुन्हा दिसला, ना डच गेलेले दिसले.

कर्जाचं थोडक्यात. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमक्या येत असतील तर १५१०० वर कायदेशीर मदत मागा. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि दक्षिण गोव्याचं विधी सेवा प्राधिकरण मडगावला आहे. हप्ते कमी करून मुदत वाढवण्याचा अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर नूतनीकरण झालंय का ते बघा.

मुलाशी एकदम सगळं बोलायला जाऊ नका. त्याला काम द्या. महिन्यातून दोनदा सुट्टी घेऊन बाबांना बांबोळीला तू ने, असं सांगा. न बोलणारी मुलं बहुधा घाबरलेली असतात. हातात काही दिलं की थोडी मोकळी होतात. गोळ्यांच्या डब्याचं कारण त्याने विचारलं तर खरं सांगा. कमावत्या मुलाला हे पेलतं, आणि न सांगितलेलं जास्त जड होतं.

राहिले मिस्टर. त्यांना सांगा. तुम्हाला वाटतं, ते आजारी आहेत, त्यांच्यावर भार नको. पण दोन वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाला तुमची झोप उडालेली कळत नसेल असं मला वाटत नाही. माझ्यामुळे हिचं असं झालं, असं ते मनात घोळवत असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि तेही तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प आहेत. डायलिसिसच्या दिवशी ते दमलेले असतात, तेव्हा नको; मधल्या एखाद्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बोला. 'तुमच्यामुळे' हा शब्द टाळा. 'मला फार एकटं वाटतंय, रात्री वाईट विचार येतात, मी डॉक्टरला दाखवणार आहे, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा' एवढं पुरे. शेवटचं वाक्य गाळू नका. दोन वर्षं त्यांच्याकडे कोणी काही मागितलेलं नाही, सगळे फक्त देतायत. खाटेच्या चार खुरांपैकी एक त्यांनाही उचलू द्या.

आणि मला पुन्हा लिहा, महिन्याभरात. काय खाल्लंत, केसपेपर काढला का आणि फादर काय म्हणाले, तेवढंच लिहिलंत तरी चालेल.